एकशे अठरा नंबरचा कोट

तळघरातल्या त्या क्लबात उतरायला एकवीस पायऱ्या होत्या, आणि शेवटची पायरी उतरली की नाचाची जागा लागत नसे. आधी बाई लागत. अर्धं दार, त्यावर हातांनी घासून गुळगुळीत झालेली आडवी फळी, फळीमागे बाई, आणि बाईंच्या मागे तीन दांड्यांवर दोनशे चाळीस हँगर. आत जायचं तर कोट काढून बाईंच्या हवाली करायचा आणि नंबराचा पितळी बिल्ला घ्यायचा. निघताना बिल्ला द्यायचा, कोट घ्यायचा. बाईंचे यजमान बसडेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. ते याला ‘कपडे वाळत घालायचं काम’ म्हणत.

‘अहो, वाळत घातलेले कपडे घेऊन पळून जातात लोक,’ बाई म्हणत. ‘माझ्याकडून एक मफलर गेला नाही आजवर.’

पण बाईंकडे कोट नुसता मिळत नसे, आणि खरी गंमत तिथंच होती. तो त्यांच्या देखत अंगात घालायचा आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावून दाखवायची. स्वतःच्या हातांनी. मित्राची मदत चालायची नाही, मैत्रिणीची तर मुळीच नाही. ‘मला झिप आहे,’ असं म्हणून सुटू बघणाऱ्यांची बाईंना फार मजा वाटे. झिपचं टोक खाचेत बसवायला बटणापेक्षा जास्त शुद्ध लागते, हे त्यांना फळीसमोर उभं राहिल्यावर कळे. टिचबटणवाल्यांवर बाईंचा विश्वास नव्हता. त्यांना बाई बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लावत. पाठीमागे चाळीस जणांची रांग, बाहेर कडाक्याची थंडी, शेवटची बस सुटायची वेळ, तरी बाई ढिम्म. ज्याला बटण लावता आलं नाही त्याला अर्धं दार उघडून आत खुर्चीवर बसवून घेत आणि मग पुढचं बघत.

पोरांनी त्यांना बटणबाई म्हणायला सुरुवात केली ती काही कौतुकानं नव्हे, चिडून. पण नाव असं चिकटलं की दारावरचा पहिलवानसुद्धा नव्या पोरांना बजावून सांगे, ‘आत काय नाचायचं ते नाचा. जाताना बटणबाईशी गाठ आहे.’

बाई आधी अठरा वर्षं शर्टांच्या कारखान्यात काज-बटणाच्या खात्यात होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा तिथून त्या निघाल्या त्या सुईदोरा आणि बटणांचा पत्र्याचा डबा घेऊनच. कुणाच्या कोटाचं बटण लोंबतंय असं दिसलं की मालक नाचून येईपर्यंत ते पक्कं झालेलं असे. बहुतेकांना ते कधी कळतही नसे. बाईंचंही त्यावाचून काही अडत नसे.

खोली अकरा बाय सात फुटांची, बिनखिडकीची. ओल्या लोकरीचा, अत्तराचा आणि शिळ्या सिगारेटचा वास तिथं कायमचा वस्तीला होता. नाचाच्या जागेची भिंत सामाईक, त्यामुळे गाण्याचा ठोका वाढला की सगळे हँगर थरथरायला लागत आणि कोटांच्या बाह्या हलत. एक हँगर मात्र गेली अकरा वर्षं रिकामाच हलत होता. एक्केचाळीस नंबरचा. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय बटणांची गोष्ट कळायची नाही.

तेव्हा बाईंना क्लबात लागून चार वर्षं झाली होती. एका संध्याकाळी एकोणीस-वीस वर्षांचा एक उंच पोरगा आला. अंगात गडद निळा लोकरीचा कोट, आणि त्याला खऱ्या शिंगाची बटणं. बाईंनी एक बटण अंगठ्यानं चाचपलं.

‘असं बटण हल्ली बघायलाही मिळत नाही, बाळा. सांभाळ.’

‘बाबांचा कोट आहे,’ तो हसून म्हणाला.

दोन तासांनी तो फळीशी परत आला तेव्हा त्याचे दात कडाकडा वाजत होते. जबडा आवळलेला, डोळे मोठाले, केस घामानं कपाळाला चिकटलेले. ‘थंडी वाजतेय,’ एवढंच म्हणाला. थंडी वाजणाऱ्या लेकराला घरी जे करतात तेच बाईंनी केलं. त्याला आत घेतलं, खाली निजवलं, त्याचा कोट त्याच्यावर घातला. तरी तो कुडकुडतच होता, म्हणून दुसरा घातला, मग तिसरा, मग चौथा. कोटांना काय तोटा होता? खोटं कशाला बोला, बाईंना त्या वेळी स्वतःचं कौतुकच वाटलं. पहिलवानाला बोलावून त्यांनी दाखवलंसुद्धा, ‘बघ, कसा घरच्यासारखा निजवलाय.’

अर्ध्या तासानं त्यांनी कोटांखाली हात घातला, तर पोराचं अंग तापलेल्या इस्त्रीसारखं. हाका मारल्या, ओ देईना. मग धावाधाव, अँब्युलन्स, अरुंद जिन्यावरून वर जाणारं स्ट्रेचर. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्यानं गोळी घेतली होती. नखाएवढी, रंगीत, वर चित्र कोरलेली. तिच्यात नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. एक घेतली, काही होत नाही असं वाटलं म्हणून पाऊण तासानं दुसरी घेतली. असली गोळी माणसाला नाचवत ठेवते, थकवा कळू देत नाही, आणि आतली भट्टी भडकवत नेते. वरून हुडहुडी भरते आणि आत अंग शिजत असतं. अशा वेळी अंगावरचं काढायचं असतं, काखेत आणि मानेला बर्फ लावायचा असतो, एक मिनिट न दवडता फोन करायचा असतो. बाईंनी नेमकं उलटं केलं होतं.

आठवड्यानं त्याचे वडील आले. पोराच्या खिशात सापडलेला एक्केचाळीस नंबरचा बिल्ला त्यांनी फळीवर ठेवला. बिल्ला द्या, कोट घ्या, असा नियमच होता. भिंतीवरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं. बाईंनी कोट काढून दिला. मग फळीवर दोन्ही हात टेकून त्या म्हणाल्या, ‘त्याच्यावर कोट मी घातले. चार. मला कळलं नाही.’

ते कोटाची कॉलर नीट करत राहिले.

‘थंडी वाजतेय म्हणाला होता का तो?’

‘हो.’

‘मग मीही घातले असते.’

आणि ते एकवीस पायऱ्या चढून गेले. कोट त्यांचाच होता, पण त्यांनी तो अंगात घातला नाही. निजलेलं मूल उचलून नेतात तसा दोन्ही हातांवर नेला. बिल्ला बरोबर होता, फक्त माणूस आला नव्हता, ही गोष्ट बाईंच्या मनाला अशी लागली की ती पुढं कधी निघालीच नाही.

त्या नोकरी सोडणार होत्या. यजमानांनी त्या दिवशी कधी नव्हे ते थट्टा केली नाही. ‘सोड,’ म्हणाले, ‘पण मग तिथं जी कोणी बसेल तिला हे माहीत नसेल. तुला आता माहीत आहे.’

बाई दुसऱ्या सकाळी हॉस्पिटलात गेल्या आणि अपघात विभागातल्या मोठ्या सिस्टरसमोर उभ्या राहिल्या. ‘मला शिकवा,’ म्हणाल्या. सिस्टर आधी वैतागल्या, मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि दर गुरुवारी चहाच्या सुटीत जिन्याखाली यांची शाळा भरू लागली. आठ गुरुवार.

‘तो कोटांमुळं गेला का?’ बाईंनी पहिल्याच गुरुवारी विचारलं.

‘कोटांमुळं गेला असं मी म्हणणार नाही,’ सिस्टर म्हणाल्या. ‘पण कोटांनी त्याला मदतही केली नाही.’

उगीच गोड न बोलणारं माणूस भेटलं म्हणून बाईंना उलट बरं वाटलं. मग त्या एकेक शिकत गेल्या. गोळी घेतलेल्यानं घाबरून घटाघटा पाणी ढोसलं तर मेंदूला सूज येते, म्हणून पाणी घोटघोट. नशेचे बिनरंगी, किंचित खारट थेंब सरबतात टाकून घेतात, ते दारूवर पडले तर शरीर श्वास घ्यायचंच विसरतं. बेशुद्ध माणसाला उताणं ठेवायचं नाही, कुशीवर वळवायचं, आणि एकटं सोडायचं नाही. ‘सगळ्यात वाईट काय सांगू?’ सिस्टर म्हणत. ‘झोपू द्या, उतरेल, हे शब्द. ज्याला असं झोपवतात तो पुष्कळदा उठत नाही. आणि पोरांच्या बोलण्यावर जाऊ नका. ती हसत हसत खोटं बोलतात. हात बघा त्यांचे.’

‘हात कसे बघू? मी काय डॉक्टर आहे?’

‘ते तुम्ही ठरवा. तुमचं काम काय आहे?’

बाई घरी जाताना बसमध्ये बसून विचार करत राहिल्या आणि आपल्याच स्वेटरच्या बटणावर त्यांचा हात थांबला. तिथून हे सुरू झालं.

पुढच्या अकरा वर्षांत बटण लागलं नाही म्हणून आत बसवून घेतलेले पुष्कळ. त्यातले बरेच नुसते प्यायलेले असत, त्यांना टॅक्सीत घालून द्यायचं. पण सदतीस जणांसाठी बाईंनी अँब्युलन्स बोलावली, आणि सदतीसच्या सदतीस जण पुढं स्वतःच्या पायांनी येऊन आपापला कोट घेऊन गेले. ही मोजदाद कुठं लिहिलेली नव्हती, पण बाईंना तोंडपाठ होती. नाकीडोळी साधी, पाच फुटांची ही बाई तो आकडा मनात घेऊन बसस्टॉपवर अशी ताठ उभी राहायची की बघणाऱ्याला वाटावं, हिला बसचीसुद्धा पर्वा नाही. आणि का राहू नये? ज्यांनी जन्मात एक माणूस वाचवला नाही ते छाती काढून चालतात.

आणखी एक नियम त्यांनी पाटीवर न लिहिता पाळला. कोट ज्याचा त्यालाच. नुसता बिल्ला चालायचा नाही. एक्केचाळीसचा बिल्ला त्यांनी बटणांच्या डब्यात टाकून दिला होता. तो पुन्हा कुणाच्या हातात दिला नाही.

मग नवा मॅनेजर आला. टापटीप, तोंडात सदा ‘सिस्टिम’.

‘बाई, पुढच्या वर्षी इथं नंबरी कपाटं येणार. पोरं आपला कोट आपण ठेवतील, आपण काढतील. रांग नको, कटकट नको.’

‘आणि माणूस कोण बघणार?’

‘कॅमेरा आहे ना.’

दुसरा हुकूम त्यानं त्याच दिवशी सोडला. त्याला विचारल्याशिवाय अँब्युलन्स बोलवायची नाही. अँब्युलन्सच्या मागं पोलीस येतात, पोलिसांच्या मागं कागद, आणि कागदांच्या मागं लायसन्सचा प्रश्न. बाईंनी ‘बरं’ म्हटलं नाही, ‘नाही’ही म्हटलं नाही. सुईत दोरा ओवत राहिल्या.

रविवारी दुपारी तीन ते आठ तिथं कोवळ्या वयाच्यांसाठी नाच असे. बारवर फक्त सरबतं, दारूचं कपाट कुलूपबंद. आईबापांना वाटे, उजेडी जातात, जेवायच्या वेळेला घरी येतात, सरबत पितात, काय होणार? अशाच एका रविवारी सतरा वर्षांची एक मुलगी पिवळा कोट घालून आली. कोटाला पाच लाकडी बटणं, चांगली मोठी. तिला एकशे अठरा नंबर मिळाला.

‘मला माहितीय, पाचही लावून दाखवायची ना?’ ती म्हणाली. ‘मी डोळे मिटून लावते, बघा.’ आणि खरंच तिनं डोळे मिटून पाचही बटणं लावून दाखवली, पुन्हा काढली आणि कोट बाईंच्या हातात दिला. मागची पोरं हसली. बाईही हसल्या. अशी हजरजबाबी पोर त्यांना आवडे. शिवाय तिच्या तिसऱ्या बटणाचा दोरा सुटत आला होता, तो त्यांनी मनात नोंदवून ठेवला.

पावणेआठला तिला तिच्या तीन मित्रमैत्रिणींनी काखेत धरून फळीपर्यंत आणलं. ‘चारही कोट द्या बाई, हिला झोप आलीय, घरी नेतो,’ कानात बाळी घातलेला मुलगा घाईघाईनं म्हणाला. बाईंनी फक्त पिवळा कोट काढला आणि तिच्या खांद्यावर टाकला.

‘बटण लाव, पोरी.’

मुलीनं पहिलं बटण धरलं. ते काजाच्या शेजारून गेलं. पुन्हा धरलं, पुन्हा गेलं. मग तिची बोटं नुसतीच कोटावरून घसरली, मान छातीवर पडली आणि ती उभ्या उभ्या घोरायला लागली.

‘ती अशीच घोरते,’ मैत्रीण म्हणाली.

बाईंनी अर्ध्या दाराची कडी काढली, मुलीला आत घेतलं आणि जमिनीवर कुशीला वळवून निजवलं. कोट तिच्या अंगावर घातला नाही, पुन्हा हँगरला लावला. छातीवर हात ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एका मिनिटात सहा श्वास. मग पाच.

‘काय घेतलंय हिनं?’

‘काही नाही. सरबत.’

तेवढ्यात मॅनेजर आला. त्यानं एकदा वाकून बघितलं आणि इकडंतिकडं नजर टाकली. ‘मागच्या खोलीत न्या. झोपू द्या तासभर, उतरेल.’

हे शब्द त्यानं उच्चारायला नको होते. बाईंनी फोनचा रिसीव्हर उचलला. मॅनेजरनं फोनवर हात ठेवला.

‘हात काढा,’ बाई म्हणाल्या.

‘बाई, नोकरी जाईल.’

‘जाऊ दे. हात काढा.’

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण पहिलवान जिन्यावरून खाली आला होता, आणि मॅनेजरला एकदा त्याच्याकडं बघावंसं वाटलं. हात निघाला. बाईंनी नंबर फिरवला, पत्ता सांगितला, श्वास सांगितले. पलीकडच्या माणसानं विचारलं, ‘काय घेतलंय तिनं? ते कळलं तर गाडीतले लोक तयारीनं येतील.’

बाईंनी रिसीव्हर कानाला तसाच धरून तिघांकडं बघितलं. तिघंही बुटांकडं बघत होते. एव्हाना गाणी थांबली होती आणि नाचणारी सगळी पोरं कोटांसाठी फळीपुढं जमली होती. साठ-सत्तर तरी. बाहेर पाणी गोठेल अशी थंडी. सगळ्यांच्या किल्ल्या, पास, टोप्या कोटांच्या खिशांत.

बाईंनी अर्ध्या दाराची कडी घातली.

‘हिनं काय घेतलं ते कळेपर्यंत इथून एकही कोट निघणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘एकाचाही नाही.’

गलका उठला. कुणी फळीवर हात आपटले, कुणी शिव्या दिल्या, कुणी ‘आमचा काय संबंध?’ म्हणून ओरडलं. मॅनेजरनं कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी गलका ओसरायची वाट बघितली नाही. अकरा वर्षांत जे त्यांनी त्या पोराचे वडील, यजमान आणि सिस्टर सोडून कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या मोठ्यानं सांगायला लागल्या.

‘तुमच्याएवढा एक पोरगा याच जागेवर निजला होता. त्यानं काय घेतलं हे त्याच्या मित्रांना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही. थंडी वाजते म्हणाला म्हणून मी त्याच्यावर चार कोट घातले. त्याला ताप चढत होता आणि मी त्याला पांघरुणं घालत होते. तो गेला. त्याचा हँगर तो तिथं आहे, रिकामा. तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही. मला फक्त सांगा.’

सगळे हँगरकडं बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, ‘अरे सांगा ना, कोणीतरी.’ बाळीवाल्यानं खाली वाकून मोज्यातून डोळ्यात थेंब घालायच्या औषधाची एक लहानशी बाटली काढली.

‘हे थेंब. सरबतात टाकून. आणि त्याच्याआधी आम्ही बाहेर बागेत दारू प्यायलो होतो. तिनंही घेतली. आम्हाला वाटलं, झोपली की ठीक होईल.’

बाईंनी ते शब्दशः फोनवर सांगितलं. सांगत असतानाच मुलीला उलटी झाली. कुशीवर होती म्हणून बरीचशी बाहेर गेली. बाईंनी आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं. एक हात छातीवर, नजर घड्याळावर. श्वास थांबला की त्या तिला हलवून हाक मारत, ‘पोरी, श्वास घे. घे श्वास.’ आणि ती घेई. पहिलवान धावत वर रस्त्यावर गेला आणि नऊ मिनिटांनी गाडीतल्या माणसांना घेऊन आला. त्यांनी पिशवीनं श्वास द्यायला सुरुवात केली, बाटली ताब्यात घेतली, मुलीला वर नेलं. बाळीवाला न सांगता त्यांच्या मागं गेला, तसाच, बिनकोटाचा.

मग बाईंनी हात धुतले, कडी काढली आणि रांगेतल्या पहिल्याचा बिल्ला घेतला. सगळ्यांनी एकेक करून फळीसमोर उभं राहून बटणं लावली.

‘उद्यापासून येऊ नका,’ शेवटचा गेल्यावर मॅनेजर म्हणाला.

‘एकशे अठरा टांगलाय,’ बाई म्हणाल्या. ‘कोट टांगलेला असताना कोटवाली खोली सोडत नसते. तो गेला की मी जाईन.’

आणि त्या आल्या. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज. पोलीस आले, कागद आले, मॅनेजरला भीती होती ते सगळं झालं. पण कागदावर असंही लिहिलं गेलं की क्लबातून फोन वेळेत झाला, आणि लायसन्स त्या एका ओळीवर तगलं. नंबरी कपाटांचं नाव मग कुणी काढलं नाही, आणि बाईंना जायलाही पुन्हा कुणी सांगितलं नाही. फोन आपणच करायला सांगितला होता, असं मॅनेजर चार ठिकाणी सांगू लागला. बाईंच्या कानावर ते आलं. त्यांनी ते पोटात घातलं. त्यांना दुसरा घोर होता.

मुलगी शुद्धीवर येत नव्हती. थोडी उलटी फुप्फुसात गेली होती, तिथं न्यूमोनिया झाला होता, नळीनं श्वास चालू होता. बाळीवाला एक दिवसाआड येऊन फळीशी उभा राहायचा आणि तेवढं सांगून जायचा. सदतीस मनात म्हणताना बाईंची जीभ आता तिथंच अडखळू लागली. पुढचा आकडा म्हणवत नव्हता.

दहाव्या दिवशी मुलीची आई आली. डोळे सुजलेले. तिनं फळीवर एकशे अठराचा बिल्ला ठेवला.

‘तिचा कोट द्या. घरी नेऊन ठेवते. घरात तिचं काहीतरी…’

बाईंनी बिल्ल्याकडं बघितलं. हात लावला नाही.

‘नाही देणार,’ त्या म्हणाल्या.

‘बिल्ला आहे माझ्याकडं!’

‘बिल्ला आहे. ती कुठंय?’

आई भडकली, आणि भडकणारच. ‘तुम्हाला काळीज आहे का? माझी पोर तिकडं…’

‘ताई, मी एकदा बिल्ल्यावर कोट दिलाय,’ बाई म्हणाल्या. ‘बापाच्या हातात. मला पुन्हा तसा द्यायचा नाही. हा बिल्ला परत न्या, तिच्या उशाशी ठेवा. म्हणावं, कोट इथंच आहे, आणि घ्यायला तुलाच यावं लागेल. मी वाट बघतेय म्हणून सांगा.’

आई बराच वेळ रडत उभी राहिली. मग तिनं फळीवरून हात आत घालून कोटाची बाही एकदा धरली. ‘याचं तिसरं बटण सुटत आलंय,’ ती म्हणाली. ‘मी लावणार होते.’

‘ते मी पक्कं करते.’

आईनं बिल्ला मुठीत घेतला आणि ती पायऱ्या चढून गेली. त्या संध्याकाळी बाईंनी तिसरं बटण काढून नव्या दोऱ्यानं लावलं. मग बाकीची चारही काढून लावली, काही गरज नसताना.

सहाव्या आठवड्यातल्या रविवारी, दुपारी तीनला, आत शिरणाऱ्या पोरांची रांग लागलेली असताना जिन्यावर पावलं थांबत थांबत वाजू लागली. पायरी, थांबा, पायरी, थांबा. रांग आपोआप भिंतीला सरकली. मुलगी अर्धी झाली होती. एक हात आईच्या हातात, दुसऱ्यात बिल्ला. तो तिनं फळीवर ठेवला.

‘एकशे अठरा,’ ती म्हणाली. नळीमुळं आवाज अजून घोगरा होता.

बाईंनी कोट काढून तिच्या खांद्यावर चढवला. ‘बटण लाव, पोरी.’

पहिलं लागायला बराच वेळ गेला. दुसरं लवकर लागलं. तिसऱ्याशी बोटं थरथरायला लागली, आणि आईचा हात पुढं झाला. ‘नको,’ बाई म्हणाल्या, ‘लावू दे तिला.’ रांगेतलं कुणी हललं नाही. तिसरं लागलं. चौथं लागलं. पाचव्याला तिनं खालचा ओठ दाताखाली धरला आणि ते काजातून ओढून बाहेर काढलं.

‘आज डोळे उघडे ठेवून,’ ती म्हणाली.

‘चालतंय,’ बाई म्हणाल्या. त्यांना दिसेनासं झालं होतं, पण अडतीस हा आकडा त्यांनी मनात स्पष्ट, अगदी मोठ्यानं म्हटला.

मुलगी जायला वळली, मग थांबली. मित्रांनी तिला सगळं सांगितलं असावं. ‘त्या मुलाचा हँगर कुठला?’

बाईंनी बोट दाखवलं. मुलगी रिकाम्या हँगरकडं क्षणभर बघत राहिली आणि आईचा हात धरून पायऱ्या चढायला लागली. पाऊल, थांबा, पाऊल. वरचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज येईपर्यंत बाई ऐकत होत्या.

रांगेत पुढं एक उंच पोरगा उभा होता. पहिल्यांदाच आलेला दिसत होता. त्यानं आपला कोट फळीवर ठेवला. बाईंनी बटणांचा पत्र्याचा डबा उघडला, तळाशी हात घालून एक काळपट पडलेला बिल्ला काढला, पदरानं तो पिवळा दिसेपर्यंत घासला आणि पोराच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली.

‘एक्केचाळीस,’ त्या म्हणाल्या. ‘परत आणून द्यायचा. तू स्वतः.’